कपडे, मिक्सर, केस कापणं : मुलांच्या सेन्सरी अडचणी ओळखायच्या कशा?

पारवा

'हट्टी मुलं' धाग्यावर दोघीतिघींनी सेन्सरी इश्यूजचा (स्पर्श, आवाज, चव, हालचाल अशा संवेदना फार जास्त किंवा फार कमी जाणवण्याचा) उल्लेख केला होता. तिथे विषय भरकटेल म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा, ज्युनियर केजीत. बोलणं चोख, जरा जास्तच. गोष्टी पाठ, माणसं आवडतात, मित्र आहेत. पण काही बाबतींत रोज उठून लढाई. शर्टाच्या मानेमागचं लेबल कापल्याशिवाय शर्ट अंगात जात नाही. मोजे उलटे घालतो, कारण बोटांवरची शिवण लागते. मिक्सर लावायचा असेल तर आधी सांगावं लागतं, मग तो बेडरूममध्ये जाऊन दार लावून घेतो. कुकरची शिट्टी मात्र चालते! वरणभात आवडीने खातो, पण त्यात टोमॅटोची साल किंवा जिरं जिभेला लागलं की ओकारी. केस मी तो झोपला की कापते, त्यामुळे पोराचं डोकं कायम उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसतं.

आणि याच मुलाला झोका कितीही उंच द्या, पुरत नाही. सोफ्यावरून उड्या, गादीवर धाडकन अंग टाकणं, येऊन जोरात बिलगणं. हा नाजूक आहे की दांडगट तेच कळत नाही.

सासूबाईंचं म्हणणं, लाडावलाय. शाळेतल्या बाई म्हणाल्या, जागेवर बसत नाही, असेसमेंट करून घ्या. एका सेंटरला फोन केला तर त्यांनी मुलाला बघायच्या आधीच तीन महिन्यांचं पॅकेज सांगितलं. मी नको म्हटलं, पण मनात किडा वळवळतोय. साध्या आवडीनिवडी कुठे संपतात आणि अडचण कुठे सुरू होते? कुणी यातून गेलंय का?

गुलबक्षी

पारवा, मिक्सर, लेबल आणि केस, तिन्हीला +१. हे आमच्या धाकट्याचं वर्णन आहे. पण मला थोरलीबद्दल लिहायचंय, कारण तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

ती अगदी शांत. बसवली तिथे बसायची. पडली, गुडघा फुटला तरी रडायची नाही, रक्त आम्हालाच दिसायचं. नाक गळतंय, तोंडाला आमटी लागलीय, फ्रॉक पाठीमागून वर अडकलाय, तिला पत्ताच नाही. हाक मारली की तिसऱ्या-चौथ्यांदा वळणार. शू लागलीय हे अगदी शेवटच्या क्षणी कळायचं, मग धावाधाव. नातेवाईक म्हणायचे, काय गुणी पोर आहे! ज्याला सगळं जास्त लागतं ते मूल आरडाओरडा करून लक्ष वेधून घेतं. जिच्यापर्यंत काही पोचतच नाही, ती गुणी ठरते. दुसरीत लिहिण्याचा वेग फार कमी पडायला लागला तेव्हा शाळेने सांगितलं आणि मग तपासण्या सुरू झाल्या.

मोडीलिपी

आमच्या लहानपणी हे असले काही नव्हते. टोचणारे गोणपाट अंगाखाली घेऊन झोपलो, चतकोर भाकरी मिळाली तर खाल्ली. आता लेबल टोचते म्हणून डॉक्टर? मुलांना अंगण राहिले नाही, मातीत खेळणे राहिले नाही, बाकी काही नाही. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

खमंग_काकडी

दिवे घेतले काका, पण मोजे उलटे घालणारी मुलं तेव्हाही असणारच. तेव्हा बहुतेक अनवाणीच फिरत होती, म्हणून कुणाला दिसली नाहीत. :)

ओटी_नाशिककर

धागा छान आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी; लहान मुलांबरोबर काम करते. जरा लांबण लागेल.

पंचेंद्रियं आपल्याला पाठ असतात, पण या विषयात आणखी तीन लागतात आणि खरी गंमत तिथेच असते. एक तोलाचं ज्ञान, ते आतल्या कानातून येतं. झोका, गोल फिरणं, उतारावरून पळणं हे सगळं तिथलं. दुसरं स्नायू आणि सांध्यांकडून येणारं: हात कुठे आहे, पेन्सिल किती दाबायची, पाण्याचा तांब्या उचलायला किती जोर लावायचा. तिसरं शरीराच्या आतून येणारं: भूक, तहान, शू, पोटात कळ. गुलबक्षी यांच्या लेकीला शू उशिरा कळायची, ती या तिसऱ्यातली गोष्ट.

ही सगळी माहिती मेंदू एकत्र कशी करतो आणि ते नीट जमलं नाही तर शिकण्यावर काय परिणाम होतो, याची मांडणी जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंनी केली. त्यांचं या विषयावरचं मुख्य पुस्तक १९७२ सालचं. पुढे विनी डन यांनी पालकांकडून भरून घ्यायची सेन्सरी प्रोफाइल नावाची प्रश्नावली १९९९ मध्ये आणली. त्यात चार प्रकारची वागणूक बघतात: ज्याच्यापर्यंत संवेदना उशिरा पोचते, जो ती शोधत फिरतो, ज्याला ती लगेच खुपते आणि जो ती टाळण्यासाठी पळ काढतो किंवा नियम घालून ठेवतो. एकच मूल स्पर्शाच्या बाबतीत एका रकान्यात आणि हालचालीच्या बाबतीत भलत्याच रकान्यात असू शकतं. त्यामुळे पारवा, तुमचा मुलगा नाजूकही आहे आणि दांडगटही, यात विसंगती काहीच नाही.

आणखी एक बघा. त्याला लेबल, शिवण, केसांवरून फिरणारी कात्री खुपते. हे सगळे हलके, निसटते स्पर्श आहेत. गादीवर आपटणं, घट्ट बिलगणं हे दाबाचे स्पर्श. हलका स्पर्श चिडवतो आणि दाब शांत करतो अशी बरीच मुलं आम्ही बघतो. दिवसभर जे खुपलं त्याचं उट्टं तो संध्याकाळी सोफ्यावर काढत असेल. कुकरचंही तसंच. शिट्टी होणार हे आधी फुसफुसण्यावरून कळतं. मिक्सर एकदम सुरू होतो आणि कधी थांबणार ते कळत नाही. आवाज किती मोठा आहे याइतकंच तो आपल्या हातात आहे की नाही यालाही महत्त्व असतं. मिक्सरचं बटण त्यालाच दाबू द्या, काय होतं बघा.

आता मुख्य प्रश्न, आवड कुठे संपते. एकेकटं लक्षण घेऊन बसू नका. इंटरनेटवरच्या याद्या वाचल्या तर प्रत्येक मूल त्यात बसतं, मीसुद्धा बसते (खडू फळ्यावर करकरला की माझे दात आंबतात). मी पालकांना वेगळं विचारते. या गोष्टीमुळे घराचं रोजचं काय काय अडतं? शाळेला उशीर होतो का, मूल वाढदिवसांना जायचं टाळतं का, खाण्यातले पदार्थ कमी कमी होत चाललेत का? हे फक्त घरी होतं, की शाळेत, आजोळी, बागेतही? आणि त्रास झाल्यावर सावरायला किती वेळ लागतो? मिक्सर बंद झाल्यावर दोन मिनिटांत खेळायला लागणारं मूल आणि अर्धा तास मुसमुसत राहणारं मूल, दोघांनी कान सारखेच झाकले असतील, पण गोष्ट वेगळी आहे.

वयही बघायचं. दोन वर्षांच्या मुलाने सगळं तोंडात घालणं, अडीच-तीनला खाण्याचे नखरे, हे वाढीचे टप्पे आहेत. सहाव्या वर्षी शर्टाची कॉलर चावून ओली होतेय, पेन्सिलीची टोकं चघळली जातायत, तर मी थांबून बघेन.

पारवा

बाप रे, केवढं सविस्तर! मनापासून आभार. ते फुसफुसण्याचं वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो खरंच कुकरकडे बघत उभा राहतो आणि "आता होणार" म्हणतो.

हट्ट आणि हा त्रास वेगळा कसा करायचा? कारण मॉलमध्ये तो जमिनीवर लोळतो तेव्हा मला दोन्ही एकच दिसतं.

ओटी_नाशिककर

बाहेरून एकच दिसतं, खरं आहे. हट्टाला काहीतरी हवं असतं. ते मिळालं, किंवा मिळणार नाही हे पक्कं झालं, की तो ओसरतो. रडताना मूल मधूनच तुमच्याकडे बघून घेतं, स्वतःला लागू नये याची काळजी घेतं. आवाज-उजेड-गर्दी असह्य झालेलं मूल खेळणं हातात दिलं तरी थांबत नाही, बोललेलं त्याच्यापर्यंत जात नाही, आणि नंतर थकून झोपतं किंवा अंगाला चिकटून बसतं. पण खरं सांगू? बऱ्याचदा सुरुवात एकाने होते आणि शेवट दुसऱ्याने. मॉलमध्ये आधी खेळण्याचा हट्ट, मग एस्केलेटर, गाणी, फूडकोर्टचा वास, आणि मग ते खेळण्याबद्दल उरतच नाही. त्या क्षणी निदान करत बसू नका, उचलून बाहेर न्या.

त्यापेक्षा दोन आठवडे वहीत लिहा. काय झालं, कधी, त्याआधी तासभर काय चाललं होतं, झोप झाली होती का, पोट रिकामं होतं का. डॉक्टरकडे जा किंवा माझ्यासारखीकडे, त्या वहीइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

स्टेथोस्कोप

बालरोगतज्ज्ञ आहे, कोल्हापूर. ओटी_नाशिककर यांच्याशी बहुतांश सहमत, पण गाडी थेट सेन्सरीच्या स्टेशनवर नेण्याआधी काही साध्या तपासण्या होऊ द्या.

हाकेला वळत नाही? आधी कान तपासा. मधल्या कानात पाणी साठलं तर मुलाला कधी ऐकू येतं, कधी नाही, आणि घरचे म्हणतात मुद्दाम करतो. मध्येच काही सेकंद टक लावून हरवतो आणि परत भानावर येतो, तर फिट्सचा एक प्रकार असू शकतो, व्हिडिओ काढून दाखवा. कपडे टोचतात? त्वचा बघा, एक्झिमा (खाज येणारा त्वचारोग) असेल तर कुणालाही टोचतील. माती, खडू खातो? हिमोग्लोबिन आणि लोह. जागेवर बसत नाही? रात्री घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का विचारा. झोप अपुरी पडलेली मुलं सुस्त दिसत नाहीत, उलट चेकाळतात. शू-शीच्या तक्रारीत बद्धकोष्ठता निघते, आणि ती किती घरांत निघते ते विचारू नका.

दुसरा मुद्दा नावाचा. सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर हे स्वतंत्र निदान म्हणून मान्य नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तिकेत ते नाही. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१२ मध्येच डॉक्टरांना सांगितलं की हे निदान म्हणून वापरू नका, मागे स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), चिंता, विकासातला उशीर काही आहे का ते शोधा. याचा अर्थ त्रास खोटा, असा नाही. त्याच डीएसएम-५ ने संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं स्वमग्नतेच्या निकषांत घेतलं. त्रास खरा आहे, तो स्वतंत्र आजार आहे का यावर वाद आहे.

त्यामुळे सेन्सरी लक्षणांबरोबर हे असेल तर थांबू नका: वर्षाचं झालं तरी नावाला प्रतिसाद नाही, बोट दाखवून काही दाखवत नाही, नजर देत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा आलेले शब्द गेले. हे शेवटचं कोणत्याही वयात झालं तरी लगेच दाखवा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी स्वमग्नतेची शक्यता तपासणारी एम-चॅट नावाची छोटी प्रश्नावली असते, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पारवा, तुमचा मुलगा बोलतो, मित्र आहेत, गोष्टी सांगतो. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मला घाबरण्यासारखं काही दिसत नाही. पण इथे वाचून तपासणी होत नसते.

मोडीलिपी

डॉक्टरसाहेब, म्हणजे आजार नाहीच. मी तेच म्हणत होतो.

स्टेथोस्कोप

काका, माझी चार वाक्यं सोडून पाचवं धरलंत. :)

सावलीतला_माणूस

रोमात असतो (नुसतं वाचतो), क्वचित लिहितो. हे मोठ्यांच्या बाजूने.

लहानपणी मला हट्टी, तुसडा, नाजूक नार ही सगळी विशेषणं मिळाली. नाव कशाचंच नव्हतं. आता हिंजवडीत नोकरी करतो, संसार आहे. ट्यूबलाइटचा चोक गुणगुणत असेल तर समोरच्याचं बोलणं मला शब्द म्हणून कळत नाही, नुसता आवाज येतो. ऑफिसात लोकांना वाटतं मी लक्ष देत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये मी पंगतीच्या शेवटच्या पानावर बसतो, तिथे एका बाजूला तरी भिंत असते.

मोडीलिपीकाका, गोणपाटावर मीही झोपलोय, आजोळी. झोप लागायची नाही. मी कुणाला सांगितलं नाही, कारण इतरांना झोप लागते म्हणजे मलाच काहीतरी जमत नाही असं वाटायचं. तुमच्या वेळच्या मुलांनीही कदाचित सांगितलं नसेल. मुलाला "काही होत नाही" म्हणू नका एवढी विनंती. "तुला लागतंय ना, बघू काय करता येतं" हे वाक्य मला कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मोडीलिपी

पटले. माझा धाकटा भाऊ सणाला नवे कपडे घालायचा नाही, धुऊन मऊ झालेलेच लागत. त्याबद्दल त्याने बराच मार खाल्लेला आहे. इतक्या वर्षांत हे डोक्यात आले नव्हते.

फळा_खडू

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात काय दिसतं ते लिहिते, कारण पालक आमच्याकडे सहा तास नसतात.

रांगेत मागच्याचा हात नुसता लागला तरी वळून फटका देणारं पोर, हे सगळ्यांत जास्त दिसतं. बाकीचे म्हणतात मारकुटा आहे. त्याला रांगेत सगळ्यांत शेवटी उभा केला की निम्म्या मारामाऱ्या बंद. लिहिताना एवढा दाब की पान फाटतं, किंवा इतकं फिकट की वाचता येत नाही. बाकावर सरळ बसवतच नाही, हातावर डोकं टेकून अर्धं झोपलेलं. पोषण आहारात खिचडीतले वाटाणे आणि गाजराचे तुकडे निवडून कडेला ठेवणारी मुलं तर दरवर्षी असतात. ती खातात, फक्त वेगवेगळं खातात. प्रार्थनेला ड्रम सुरू झाला की एक मुलगी पाण्याच्या टाकीकडे निघून जायची. तिला आता मीच हजेरीच्या रजिस्टरचं काम देते आणि ड्रमपासून लांब ठेवते.

जागेवर न बसणाऱ्यांना मी वह्यांचा गठ्ठा उचलून दुसऱ्या वर्गात द्यायला लावते, फळा पुसायला लावते, सतरंज्या ओढायला लावते. परत आल्यावर पंधरा-वीस मिनिटं बरी जातात. हे मला कुणी शिकवलं नाही, अनुभवाने कळलं. ओटीताई, याला काही शास्त्र आहे का?

आणि खाजगी सेंटर न परवडणाऱ्यांसाठी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आमच्याकडे वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. मुलाच्या विकासात काही वाटलं तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथक घाईत असतं, म्हणून मुलांची नावं आणि काय दिसतं ते मी आधीच लिहून ठेवते. पालकांनी बाईंना आधी सांगितलं तर तेही त्यात घालता येतं.

ओटी_नाशिककर

बाई, तुम्हाला दंडवत. वह्यांचा गठ्ठा, सतरंजी ओढणं, याला आमच्याकडे हेवी वर्क म्हणतात. स्नायूंना आणि सांध्यांना जोर पडला की बरीच मुलं स्थिरावतात. घरी कणीक मळायला द्या, अर्धी भरलेली बादली उचलू द्या, भाजीची पिशवी आणू द्या, भिंत ढकलायला सांगा. मल्लखांब, झाडावर चढणं उत्तमच. मोडीलिपीकाकांचं अंगण आणि माती इथे शंभर टक्के बरोबर आहे. विहिरीचं पाणी शेंदणाऱ्या पोरांना वेगळं काही द्यावं लागत नव्हतं.

खमंग_काकडी

सणांचं काय करायचं? आमच्या भाचीला दिवाळीत उटणं लावलं की घर डोक्यावर घेते. गणपतीत मिरवणूक आमच्या गल्लीतूनच जाते. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे म्हणे. ज्याने हा नियम लिहिला त्याने आमच्या गल्लीत एकदा राहायला यावं.

गुलबक्षी

उटण्याऐवजी नुसतं तेल, तळहाताने दाबून, बोटांनी चोळून नाही. आमच्याकडे एवढ्यावर अभ्यंगस्नान पार पडतं. नवीन कपडे दोन-तीनदा धुऊन ठेवायचे, जरीचा कुर्ता असेल तर आत मऊ बनियन. मिरवणुकीच्या दिवशी आम्ही सरळ बहिणीकडे जातो. कानांवर लावायचे इअरमफ घेतलेत, बांधकामावर वापरतात तसे, लहान मापाचे. पण दिवसभर लावू देत नाही, आमच्या ओटीबाईंनी बजावलंय की शांततेची सवय लागली की साधे आवाजही मोठे वाटायला लागतात.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे तीन वर्षांच्या आत अर्ली इंटरव्हेन्शन (लहानग्यांच्या विकासासाठीची मदत) आणि त्यानंतर पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टकडे मूल्यमापनासाठी लेखी अर्ज करता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. पण नुसत्या सेन्सरी अडचणींवर शाळेत थेरपी मिळत नाही, शिकण्यावर परिणाम होतोय हे दाखवावं लागतं. आम्हाला ५०४ प्लॅनमध्ये (शाळेने मुलासाठी करायच्या सोयींची लेखी योजना) बसायची जागा, जेवणाच्या हॉलऐवजी वर्गात डबा आणि फायर ड्रिलची आगाऊ सूचना एवढं मिळालं, आणि तेवढं पुरलं.

बाकी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात स्पीकरची पातळी गल्लीतल्या मिरवणुकीशी स्पर्धा करते. तिथे कोणताच प्लॅन चालत नाही.

भारतात शाळेकडून सवलती मिळतात का?

स्टेथोस्कोप

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. नुसत्या सेन्सरी अडचणी नाहीत, त्यामुळे त्यावर प्रमाणपत्र मिळत नाही. वर्गशिक्षकांशी बोलून जे होईल ते. फळा_खडू यांच्यासारख्या बाई मिळाल्या तर प्रमाणपत्र लागत नाही.

आता थोडं कडू. थेरपीबद्दल इथे सगळे गोड बोलतायत. ब्रिटनमध्ये १३८ स्वमग्न मुलांवर सेन्सरी इंटिग्रेशन थेरपीची (एअर्सबाईंच्या मांडणीवर आधारलेली) चाचणी झाली, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नेहमीच्या सेवेपेक्षा थेरपी सरस ठरली नाही. वजनदार पांघरुणांची २०१४ ची चाचणी बघा: स्वमग्न मुलांची झोप वाढली नाही. आणि आपल्याकडे वजनाची जाकिटं, ब्रशने अंग घासणं, लटकते झोके यांचं बिल महिन्याला किती होतं ते पालकांना विचारा.

ओटी_नाशिककर

डॉक्टर, हे लिहिलंत ते बरं केलंत. दोन्ही चाचण्या मी वाचल्यात. पांघरुणाच्या चाचणीत झोप वाढली नाही, पण मुलांना आणि पालकांना ते पांघरूण आवडलं होतं, हेही त्यातच आहे. आवडणं म्हणजे उपचार नव्हे, मान्य. (तान्ह्या बाळावर वजनदार पांघरूण कधीही घालू नका, ते धोक्याचं आहे.) ब्रशिंगबद्दल मी स्वतः साशंक आहे, करत नाही. दुसऱ्या बाजूला, मुलाचं नेमकं काय अडतं ते ठरवून केलेल्या कामाचे चांगले निकाल देणाऱ्या लहान चाचण्याही आहेत. पण अमक्या सेशनमध्ये मेंदू बदलून देतो असं कुणी सांगितलं तर उठून या.

पारवा, सेंटर निवडताना काय बघायचं ते सांगते. मुलाला न बघता पॅकेज सांगणारे बाद, ते तुम्ही ओळखलंतच. महाराष्ट्रात आमची ओटी-पीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिल आहे, नोंदणी क्रमांक विचारा, विचारण्यात काही गैर नाही. पालकांना खोलीबाहेर बसवणाऱ्यांकडे मी माझं मूल पाठवणार नाही. आणि ध्येय तुमच्या घरातलं असायला हवं. 'सेन्सरी सुधारेल' हे ध्येय नव्हे. 'शाळेचा गणवेश न रडता घालेल' हे ध्येय. ते वहीत लिहा, दोन-तीन महिन्यांची मुदत ठेवा. काडीचा फरक नसेल तर थेरपिस्टला तसं सांगा आणि थांबा किंवा दिशा बदला. बालरोग अकादमीच्या २०१२ च्या निवेदनातही मुदत ठेवून परिणाम बघा असंच म्हटलंय.

सरकारी रुग्णालयांतले ओटी विभागही विसरू नका. आमच्या व्यवसायाची भारतातली पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये सुरू झाली, ती कमला निंबकर यांनी सुरू केली. मूळच्या अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरात आलेल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन शाळा त्यांच्याच नावाची.

खमंग_काकडी

अवांतर: फलटणची शाळा माहीत होती, ही पार्श्वभूमी अजिबात माहीत नव्हती! यावर वेगळा धागा काढा ना कुणीतरी.

सावलीतला_माणूस

खाण्याबद्दल थोडं. माझ्या ताटात भाजीचा रस भाताला लागला की जेवण संपायचं. आईने शेवटी कप्प्यांचं ताट आणलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मी आता जवळपास सगळं खातो. भेंडी सोडून. भेंडीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही.

स्टेथोस्कोप

भेंडी माफ. पण ज्या मुलाचे पदार्थ कमी होत होत आठ-दहावर आलेत, वजन वाढत नाही, घास अडकतो किंवा गिळताना खोकला येतो, त्याला नखरेल म्हणून सोडू नका, दाखवा. नाक दाबून भरवणं तर कुणीच करू नये.

पारवा

सगळ्यांचे आभार. वही सुरू केली. त्यातून एक आत्ताच दिसलं: शाळेच्या दिवशी संध्याकाळी पाच ते सात हा वेळ भयंकर, रविवारी त्याच वेळेत काही नाही. म्हणजे शाळेतून आल्यावर मी लगेच ड्रॉइंग क्लासला नेते ते बंद करून आधी बागेत नेऊन बघते. मिक्सरचं बटण त्याने दाबलं. कान एका हाताने झाकून, पण दाबलं. चटणी दळायची एवढी घाई आमच्या घरात कधी नव्हती, आता रोज विचारतो.

पुढच्या आठवड्यात आधी कान आणि नेहमीची तपासणी, मग गरज वाटली तर ओटी. सासूबाईंना सावलीतला_माणूस यांची पोस्ट वाचून दाखवली. काही बोलल्या नाहीत, पण मोजे त्यांनीच उलटे करून ठेवले होते.

एक राहिलंच. केस! पुढच्या महिन्यात घरात मुंज आहे आणि फोटो निघणार आहेत. काय करू?

ओटी_नाशिककर

सलूनमध्ये मधल्या वारी सकाळी जा, तेव्हा गर्दी नसते. मशीन नको, कात्रीच. आधी नुसतं जाऊन खुर्चीवर बसून या, केस न कापता. कापायच्या दिवशी घरून डोकं पाच मिनिटं तळहातांनी घट्ट दाबून न्या. गळ्याभोवतीचा कापडी पट्टा त्याला खुपेल, त्याऐवजी त्याचाच जुना टीशर्ट घालून जा आणि कापून झालं की तिथेच बदला, मानेवरचे बारीक केस हाच खरा त्रास असतो. कारागिराला सांगा, दुसरा हात डोक्यावर घट्ट ठेवायचा, हलका नाही. आणि मुलाला आकडा सांगा: दहा वेळा कच्कच्, मग थांबायचं. दहाला खरंच थांबा, अर्धे केस राहिले तरी.

मोडीलिपी

वाकड-औंध बाजूला असाल तर आमच्या ओळखीचा एक कारागीर घरी येतो. वय झालेले आहे, बोलत नाही, घाई करत नाही, मशीन वापरत नाही. माझ्या नातवाचे केस तोच कापतो. नंबर हवा तर विपू (निरोप) करा.

पारवा

काका, विपू केली. वाकडच!